ताटाच्या पाठीवरचा पत्ता

भिलाईच्या कोहका भागातल्या त्या घरावर पाटी नव्हती. गल्लीत कुणी विचारलं तर ते नोकरी करणाऱ्या बायकांचं हॉस्टेल आहे असं सांगितलं जाई. आत राहणाऱ्या बायका नवऱ्याच्या मारामुळे घर सोडून आलेल्या होत्या. काही मुलींना घेऊन आल्या होत्या, काही नेसत्या कपड्यांनिशी. मी तेव्हा दुर्गच्या एका हिंदी दैनिकात वार्ताहर होते आणि त्या घराविषयी काही वर्षांत बऱ्याच बातम्या दिल्या. घर चालवणाऱ्या ताईंची एकच अट होती, पत्ता छापायचा नाही, गल्लीचा अंदाजही येऊ द्यायचा नाही. ती अट पाळणं सोपं होतं. बातमीत जे नाही ते छापलं जात नाही. ताटांवर काय छापलं जाईल याचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

घराला बाहेरून मिळणारी मदत नियमित नव्हती. मदत न आलेल्या महिन्यांतही बायका जेवत. हा खड्डा भरायचं काम भिलाईतल्या मराठी बायकांच्या मंडळानं अंगावर घेतलं. मंडळात दोन जणी कर्त्या होत्या. एक अध्यक्ष, ज्यांना सगळे काकू म्हणत. यजमान पोलादाच्या प्लांटमधून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, घर स्मृतीनगरात. दुसऱ्या वहिनी, दुर्गला राहणाऱ्या, नवरा रेल्वेत गार्ड होता. काकू ठराव करीत आणि वहिनी ते काम करून घेत. दोघींचं पटत होतं असं म्हणता येणार नाही, पण एकीवाचून दुसरीचं चालत नव्हतं.

पैसे उभे करण्याच्या कल्पना आधी बऱ्याच झाल्या. पहिली संक्रांतीची. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, तेच पैसे त्या घराला द्यायचे. पहिल्या वर्षी सगळ्यांनी आनंदानं दिले. दुसऱ्या वर्षी एक जण सभेत उठून म्हणाली, "रिकाम्या हातानं घरी गेले तर सासू विचारते, काय मिळालं? तिला काय सांगू, पुण्य मिळालं?" सगळ्या हसल्या आणि तिसऱ्या वर्षी डबे परत आले.

मग रद्दी झाली. रद्दी गोळा करायला माणूस लागतो, माणसाला गाडी लागते, आणि गाडीत पेट्रोल घातलं की हाती फारसं उरत नाही. मग गणपतीच्या दहा दिवसांत सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांचा, स्टॉल लागला. वड्या त्या घरातल्या बायका करीत, पण स्टॉलवर त्या उभ्या राहू शकत नसत, कारण ओळखीचं कुणीही येऊ शकलं असतं. विकायला मंडळाच्या बायका बसत. पहिल्या वर्षी लोकांनी वड्या खाल्ल्या, सुटे पैसे परत घेतले नाहीत, फोटो काढले. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी सांगितलं की तेल जास्त झालंय. मदत करणारा माणूस बहुधा एक वर्ष टिकतो. पुढच्या वर्षी त्याचं गिऱ्हाईक होतं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्याही झाल्या. त्या छान होत्या, पण एका गोधडीला महिने लागत, आणि विकत घ्यायला शेवटी मंडळातल्याच बायकांची नागपूरकडची नातलग मंडळी उरली.

त्या सगळ्या खटपटीत एक जण नेहमी कामाला असे. तिला घरात मशीनवाली म्हणत, कारण शिलाई मशीन तीच चालवी आणि मंडळातल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देई. त्या वेळी घरात मराठी ती एकटीच होती. तिचं सासर दुर्गला, माहेर गोंदियाकडचं. नवरा तिच्या माहेरी दोनदा जाऊन आला होता आणि सापडली तर जिवंत ठेवणार नाही असं तिच्या वडिलांना दारात उभं राहून सांगून गेला होता. दाराची बेल वाजली की ती मशीन थांबवी आणि मागच्या खोलीत जाई. कुणाला काही विचारत नसे. बाहेरचा माणूस गेला की परत येऊन बसे आणि शिवण जिथं सोडली तिथूनच धरी.

ताटांची कल्पना वहिनींची. सभेत काकू नव्या वर्षाच्या कार्यक्रमांवर बोलत होत्या तेव्हा वहिनींनी मध्येच विचारलं, "काकू, तुमच्या घरी स्टीलची ताटं किती आहेत वं?"

"असतील. माळ्यावर आहेत."

"माझ्या घरी पलंगाखाली ताटंच ताटं आहेत. पोरीच्या लग्नात आली, पोराच्या मुंजीत आली. कोणी खाऊन नाही राहिलं त्यात. अन् इकडे लोकं तेरवीले, बारशाले थर्माकोल आणून राहिले."

"पोलादाच्या गावात थर्माकोलवर जेवतात," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या प्लांटमध्ये रूळ होतात, ताटं होत नाहीत," काकू म्हणाल्या. त्या गमतीनं बोलल्या नव्हत्या, पण लोक हसले.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक घरानं पडून असलेली ताटं, वाट्या, पेले द्यायचे. ती भांडी गावातल्या कार्यांना भाड्यानं द्यायची. भाडं त्या घराला. वाटीत काय आहे याची चव कुणी मंडळाला विचारणार नाही, तेल जास्त झालं असं कुणी म्हणणार नाही. ही एकच कल्पना पहिल्या वर्षानंतरही चालली. दुर्ग-भिलाईतल्या मराठी घरांमध्ये बारसं असो, साखरपुडा असो की तेरवी, मंडळाची ताटं जाऊ लागली. ती काकूंच्या गॅरेजमध्ये गोण्यांत भरून ठेवलेली असत. मी त्यावर एक बातमी दिली. आतल्या पानावर, वरच्या अर्ध्यात आली.

भांडी बाहेर जाऊ लागली की पहिली गोष्ट करायची असते ती नाव घालायची. आमच्या घरांमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. लग्नात मिळालेल्या तांब्यावर आत्याचं नाव असतं, परातीवर आजोबांचं नाव आणि गाव असतं, म्हणजे शेजारच्या कार्याला गेलेली परात परत येते. एखादं भांडं चुकून भलत्याच्या घरी गेलं तर तो माणूस पालथं करून पाहतो आणि पोचवून देतो. काकू ताटं घेऊन दुर्गच्या जुन्या बाजारातल्या नाव कोरणाऱ्याकडे गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं.

कोरणाऱ्यानं विचारलं, "नाम क्या डालूँ, माताजी?"

मंडळाचं नाव घालावं असं काकूंच्या मनात आधी होतं. मग त्यांना वाटलं, ताटं मंडळाची कुठे आहेत? ती त्या घराला दिलेली आहेत. उद्या मंडळ मोडलं, आपण राहिलो नाही, तर कुणीतरी ही ताटं आपली म्हणून घरी नेईल. ज्याची वस्तू त्याचंच नाव असलं पाहिजे. त्यांनी घराचं नाव सांगितलं. कोरणारा म्हणाला, नुसत्या नावानं भांडं परत येत नाही, पता भी डलवा दीजिए. काकूंनी गल्ली, कोहका, भिलाई असं सांगितलं. सुई गुणगुणली आणि प्रत्येक ताटाच्या पाठीवर दोन ओळी उठल्या.

ज्यांनी त्या घराचा पत्ता कधी फोनवरही उच्चारला नव्हता, त्या बाईंना हे करताना काही खटकलं नाही. भांड्यावरच्या मजकुराला त्या पत्ता समजतच नव्हत्या. ती भांड्याची खूण होती. आणि ताई ती ताटं कधी हातात घेत नव्हत्या, कारण ताटं त्या घरी कधी जातच नव्हती.

मी एका दुपारी ताईंकडे बसले होते तेव्हा बेल वाजली. मशीन थांबलं. दारात साठीचा एक गृहस्थ होता, हातात कापडी पिशवी. त्यानं पिशवीतून दोन ताटं काढली. वरच्या ताटात कागदाची पुडी होती.

"इथलीच ना जी? साखरपुड्याचं उरलेलं जेवण आमच्या घरी पाठवलं होतं त्यात. घरची म्हणे, नेऊन द्या, लोकांची वस्तू आहे."

"इथली नाहीत," ताई म्हणाल्या.

"पाहा ना जी, मागे लिहिलं आहे." त्यानं ताट पालथं करायला पुडी उचलून हातात धरली. "साखर आहे. रिकामं कसं द्यायचं."

ताईंनी ताटाची पाठ पाहिली. मग त्यांनी त्याला पाणी विचारलं. तो पाणी प्यायला, उन्हाबद्दल बोलला आणि गेला. ताई ताट घेऊन खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिल्या. त्यांनी काकूंना फोन लावला आणि विचारलं, "बाकीची ताटं कुठं आहेत?"

फोन स्पीकरवर होता. काकू म्हणाल्या, सकाळीच गेलीत, दुर्गला एक तेरवी आहे. कुणाची तेही सांगितलं. मागच्या खोलीच्या दारात मशीनवाली उभी होती.

"थे माझ्या चुलतसासऱ्याची तेरवी आहे," ती म्हणाली.

यात योगायोग काही नव्हता. दुर्ग-भिलाईत मराठी माणसं मोजकी, त्यांची कार्यं मोजकी, आणि ताटं त्यांच्यातच फिरत होती. ती कधी ना कधी तिच्या सासरी पोचणारच होती. सासरचे लोक कुठल्या तरी पंगतीत त्या ताटांवर आधीच जेवले असतील, एवढंही शक्य होतं.

कुणी पाठ वाचायच्या आत ताटं परत आणायला काकू, वहिनी आणि मी दुर्गला गेलो. काकूंनी गाडी चालवली. वाटेत त्या एकदाच बोलल्या, "पुरुष माणसं ताटाची पाठ पाहत नाहीत."

"बाया पाहतात ना," वहिनी म्हणाल्या.

मंडपात शेवटच्या पंगती चालू होत्या. आम्हाला बघताच घरच्यांनी हात धरून बसवलं, तेरवीच्या घरून न जेवता जाता येत नाही. समोर मंडळाची ताटं, त्यांत वडे, भात, कढी, बुंदी. वहिनींनी मला कोपरानं ढोसलं. "तिचा नवरा तोच आहे. बादलीवाला." वरणाची बादली घेऊन एक तिशीचा माणूस ओळीनं वाढत येत होता. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. काकूंपाशी वाकून तो म्हणाला, "काकू, घ्या ना अजून. तुम्ही काहीच घेतलं नाही." आवाज नम्र होता. काकूंनी ताटावर हात आडवा धरला. आग्रहाचं वरण त्यांच्या हातावर पडलं तरी त्यांनी तो काढला नाही.

ताटं मागे नळापाशी घासली जात होती. वहिनी दोन घास खाऊन तिकडे गेल्या आणि पदर खोचून बसल्या. मी शेजारी उभी राहिले. नळाजवळ एक म्हातारी राखेनं ताटं घासत होती. ती मशीनवालीची सासू होती. वहिनी तिला रेल्वे कॉलनीपासून ओळखत.

"तुम्ही कावून बसल्या वं वहिनी? पाहुणं माणूस भांडी नाही घासत."

"मले सवय आहे. तुम्ही घासा, मी धुतो."

"घासतो ना माय. घरी सून असती तर मी बसली असती का? पळाली. पोरगं माझं वेडं होऊन राहिलं." ताट राखेत फिरलं. "मारत होता, मी नाही म्हणत नाही. त्याचा बापही मारत होता. मी गेली का कुठं?"

ताट हातात आलं की पालथं न करता धुवायचं, तसंच पुसायचं, आणि पाठ आत करून गोणीत घालायचं, एवढंच वहिनी करीत राहिल्या. म्हातारीनं मध्येच एक ताट डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "काय लिहिलं आहे हे? चष्मा घरी राहिला."

"मंडळाचं नाव आहे," वहिनी म्हणाल्या आणि ताट घेतलं.

निघताना त्या माणसानंच गोण्या गाडीत ठेवायला मदत केली. "चांगली ताटं आहेत. कोणाची?"

"मंडळाची," काकू म्हणाल्या.

"हो का," तो म्हणाला.

गॅरेजमध्ये ताटं उतरवली तेव्हा एक कमी भरलं. पुन्हा पाहिलं, तरी एक कमी. काकू म्हणाल्या, कुठल्याही कार्यात एखादं हरवतंच. वहिनींना आठवत होतं की म्हातारीनं घरी न्यायला बुंदी काढून ठेवली होती. कशात काढली होती ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही ताईंना सांगितलं. काकूंनी कोरणाऱ्याकडची गोष्ट तेव्हाच सांगितली, एकही शब्द न गाळता. ताईंनी त्यांना दोष दिला नाही. तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती, असं मला वाटलं. काकू पुन्हा म्हणाल्या, "एक ताट आहे हो, हरवलं असेल."

"हरवलं असेल तर बरंच आहे," ताई म्हणाल्या. "नसेल हरवलं तर?"

मशीनवालीनं दोनच प्रश्न विचारले. त्यानं ताट हातात घेतलं होतं का? आम्ही सांगितलं, त्याच्या हातात बादली होती, गोण्या त्यानं बांधलेल्याच उचलल्या. तो जेवला का? ते आम्ही पाहिलं नव्हतं. मग ती मशीनचं झाकण लावायला लागली. तिचा निर्णय त्यात होता. ताई म्हणाल्या, ती एकटी का जाईल, पत्ता सगळ्यांचाच फुटला आहे.

घर हलवायचं ठरलं. पोलिसांना कळवलं, ते येऊन पाहून गेले. नवीन जागेची अनामत ताटांच्या भाड्यातून दिली गेली. वर्षभर साठलेलं त्यात संपलं. बायका थोड्या थोड्या करून ई-रिक्षांतून गेल्या. पहिल्या खेपेला मशीन आणि मशीनवाली. एका बाईनं विचारलं, इथं काही वाईट झालं नव्हतं, मग का जायचं? तिला कुणीतरी समजावलं. तिच्या मुलीची शाळा पुन्हा बदलली. नवी जागा कोणत्या भागात आहे ते या लेखात नाही.

काकूंनी ताटं परत बाजारात नेली. कोरणाऱ्यानं दोन्ही ओळी घासून काढल्या. तिथं आता बोटभर लांबीचा खरखरीत पट्टा आहे. त्यानं विचारलं, नवीन नाव काय घालू? काकू म्हणाल्या, काही नको. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक कार्यातून एखादं ताट येत नाही. वहिनी त्याला भाड्यातला खर्च धरतात.

कोहक्यातलं घर रिकामं झाल्यानंतर घरमालक रंग लावून घेत होते. त्यांनी काकूंना निरोप दिला की घराचं नाव कोरलेलं एक ताट त्यांच्याकडे आहे. काकू आणि मी ते आणायला गेलो. ताट जिन्यावर ठेवलेलं होतं.

"एक आदमी आया था," घरमालक म्हणाले. "बोला, प्लेट लौटानी है, अंदर दे दूँ? मैंने कहा, अंदर कौन है, सब खाली है। फिर भी एक-एक कमरा देखकर गया।"

पांढरा शर्ट होता का, असं काकूंनी विचारलं. घरमालकांना शर्ट आठवत नव्हता. फार सभ्य माणूस होता, एवढं आठवत होतं. काकू तिथंच जिन्यावर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी ताट पिशवीत घातलं. पत्ता असलेलं ते एकच ताट उरलं होतं.

एक माणूस ताट घेऊन आला होता हे ताईंनी नव्या जागी मशीनवालीला सांगितलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मी समोर होते. तिनं सुईतला दोरा तोडला.

"ताटात काही होतं?" तिनं विचारलं.

ताईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नव्हतं. रिकामं होतं.

"साखरही नाही? गूळ, तांदूळ, काहीच?"

"काहीच नाही."

"मग आईनं नाही पाठवलं," ती म्हणाली. सासूला ती आई म्हणे. "आई रिकामं भांडं कोणाच्या घरी पाठवत नाही. तिले माहीत नसंल तो कुठं गेला होता ते."

म्हातारीनं त्याला पाठवलं नव्हतं यानं काय बदलत होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. तो आला होता आणि पुन्हा शोधणार होता. तिनं नवा दोरा ओवला. काकूंची एक साडी संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि फॉलची एक बाजू अजून बाकी होती. तेवढ्यात बेल वाजली. ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. दूधवाला होता.